सुरीचं पांघरूण

सोलापूर हे पांघरुणांचं गाव. चादर इथली, टॉवेल इथला, जमखाना इथला. पाहुणा मंत्री असो की कीर्तनकार, त्याच्या खांद्यावर चादर टाकल्याशिवाय आमचा सत्कार पुरा होत नाही. मग मे महिन्यात पारा ४४ वर टेकलेला का असेना. घरातसुद्धा वस्तू उघडी ठेवायची नाही, ही इथली रीत. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, मिक्सरला झालरीचं झबलं, फ्रिजच्या दांड्याला मोजा, गॅसच्या टाकीला फुलाफुलांचा परकर. नव्या गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक तर गाडी विकायच्या दिवशीच निघतं, तेही घेणाऱ्यानं फारच आग्रह धरला तर.

उघडी असते ती फक्त सुरी. रिमोटनं आजवर कुणाचं बोट कापल्याचं ऐकिवात नाही, तरी त्याला पिशवी. सुरी मात्र चमच्यांच्या डब्यात खुशाल लोळत असते, आणि चमचा शोधणाऱ्याला आपण कुठं आहोत ते स्वतःच कळवते.

याला आमचा निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. आपल्याकडच्या पात्यांना म्यानाची गरजच पडली नव्हती. विळीचं पातं पाटाला बांधलेलं. काम झालं की ते आडवं घालायचं आणि विळी भिंतीकडे तोंड करून उभी करायची. अडकित्त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना झाकतात. शेतावरचा विळा संध्याकाळी वळचणीला खोचला की सकाळपर्यंत त्याची चिंता नसते. कोकणात कमरेला लाकडाची आकडी बांधतात आणि तिच्यात कोयती उघडीच अडकवतात. माणूस माडावर चढतो, उतरतो, वाटेत गप्पा मारतो, कोयती पाठीशी झुलत असते. म्यान ही चीज राजेरजवाड्यांची. अक्कलकोटच्या राजवाड्यात शस्त्रागार आहे, तिथं हवी तेवढी म्यानं बघायला मिळतात. जुन्या म्यानाची घडण साधारण ठरलेली असायची. आत लाकडाच्या दोन पट्ट्या, वरून चामडं नाहीतर मखमल, तोंडाला आणि टोकाला धातूची टोपणं. मखमल दरबारात मिरवायला आणि चामडं घोड्यावर बसायला. म्हणजे म्यान कशाचं असावं, हा वाद तेव्हाही असणारच. फक्त तो ज्यांच्यात व्हायचा त्यांच्याकडे तलवारी होत्या.

आमच्या घरात हा वाद आणला मेहुण्यानं. तो हिंजवडीत असतो. पाच दिवस एसीत बसतो, शनिवार-रविवार सह्याद्रीत जातो आणि मधल्या वेळात सह्याद्रीत लागणारं सामान ऑनलाइन मागवतो. दिवाळीला आला तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी त्यानं एक सुरी ठेवली. पातं वीतभराहून थोडं कमी, पाठ जाड, मूठ खडबडीत, आणि तिला काळं, कडक, कडेनं रिबिटा मारलेलं म्यान. सुरी आत सरकवली की टक् असा आवाज व्हायचा. तो आवाज त्यानं चकलीच्या आधी ऐकवला, चिवड्यानंतर ऐकवला आणि चहा येईपर्यंत अधूनमधून ऐकवत राहिला.

‘दाजी, उलटं धरा. पडती का?’

पडत नव्हती.

‘आता जोरात हलवा.’

तरीही पडली नाही. ‘कायडेक्स आहे,’ तो म्हणाला. आवाजात नवीन बाळाचं नाव सांगतानाचं कौतुक होतं.

कायडेक्स हे एक टणक प्लॅस्टिक. १९६५ च्या सुमाराला अमेरिकेत विमानांच्या आतल्या भागासाठी ते काढलं, आणि पुढं सुऱ्या बनवणाऱ्यांच्या हाती लागलं. त्याचा पत्रा तापवला की मऊ पडतो. मऊ असतानाच सुरीभोवती दाबून धरायचा, गार झाला की त्या सुरीचा आकार त्यानं कायमचा पकडलेला असतो. म्हणून टक्. पाणी लागत नाही, घाम मुरत नाही, बुरशी येत नाही, चिखलात पडलं तर नळाखाली धरायचं. दोष एवढाच, की एखादा वाळूचा कण आत शिरला तर सुरी आत-बाहेर करताना दर वेळी पात्यावर रेघ ओढली जाते. मेहुण्याच्या सुरीवर एकही रेघ नव्हती. त्या सुरीनं तोवर खोक्याची चिकटपट्टीच काय ती कापली होती, आणि ते खोकं तिचंच.

सोलापुरात एखादी वस्तू घरात आली की ती गल्लीचीही होते. संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर दोन तट पडले. ‘काय बे, एवढे पैसे घालून प्लॅस्टिक आणलास?’ असं एकानं विचारलं आणि मेहुण्याचा चेहरा पडला. दुसरा म्हणाला, चामडं ते चामडं, मर्दानी दिसतं. तिसऱ्याला कायदा माहीत होता. त्यानं सुरी हातात न घेता लांबूनच मापली आणि सांगितलं, नऊ इंचांच्या वर पातं गेलं किंवा दोन इंचांहून रुंद झालं की शस्त्र कायद्याच्या नियमांत बसतं. घरकामाची आणि शेतीची हत्यारं तेवढी त्यातून सुटतात. सुरी नऊ इंचांच्या आत होती, तरी मेहुण्यानं ती शर्टाखाली घेतली. तसं घाबरायचं कारण नव्हतं. आपल्याकडे हे कलम लागतं ते वाढदिवसाचा केक तलवारीनं कापून त्याचा व्हिडिओ स्वतःच टाकणाऱ्यांना. पोलिसांना शोध घ्यावा लागत नाही, ‘भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढं वाचलं की पत्ता मिळतो. त्या तलवारी म्यानात असत्या तर निम्मे भाऊ बाहेर राहिले असते.

खरा निकाल दिला आमच्या शेजारच्या अण्णांनी. अण्णांचं सगळं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे ते अजूनही शेजारच्या माणसाशी पलीकडच्या गल्लीतल्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. त्यांनी म्यान हातात घेतलं, नखानं टिचकी मारली आणि पिकरवर आले.

मागावरचा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे पळतो, त्याला दर खेपेला टोला हाणणारा ठोकळा म्हणजे पिकर. पूर्वी पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असे. कातड्याचे थर दाबून तो घडवायचे, आणि मागावर चढवण्याआधी तेलात मुरत ठेवायचे. लोणच्याच्या बरणीला दाखवत नाहीत एवढा धीर त्याला दाखवावा लागे. पिकरच्या काठीला ओढणारा पट्टाही चामड्याचाच. म्हणजे सुताचं गाव म्हणून मिरवणारं सोलापूर मिनिटाला शेकडोदा चामड्याच्या टोल्यावर चालत होतं, आणि चादर पांघरणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. पुढं प्लॅस्टिकचे पिकर आले. स्वस्त, तयार, तेलात बुडवायची भानगड नाही.

‘मग चांगलं कुठलं, अण्णा?’ मेहुण्यानं विचारलं.

‘कातड्याचा पिकर जायच्या आधी सांगतोय,’ अण्णा ओरडले. ‘आवाज बदलतोय. मऊ पडतोय. तू समजून घ्यायचं. प्लॅस्टिकचा सांगत नाही. सकाळी चांगला, दुपारी तुकडा!’

‘म्हणजे चामडंच घ्यावं?’

‘मी शेवटची वीस वर्षं प्लॅस्टिकच घेतलो की!’

हा निकाल मला फार आवडला. दोन्ही बाजूंचं ऐकून, दोन्ही बाजूंना न्याय देऊन, शेवटी स्वस्त तेच घ्यायचं, ही सोलापूरची व्यापारी बुद्धी. मेहुणा मात्र पुण्याचा. त्याला आता हातानं बनवलेलं, अस्सल चामड्याचं म्यान पाहिजे होतं.

रेक्झिनचा पर्याय मी सुचवून पाहिला. रेक्झिन ही मुळात इंग्रजांच्या एका कंपनीच्या मालाची छाप. आता आपल्याकडे चामड्यासारखं दिसणारं सगळंच रेक्झिन. दिसायला ते पहिल्या वर्षी चामड्याहूनही चामडं दिसतं. मग आमचा उन्हाळा येतो. गच्चीवरच्या खोलीतल्या सोफ्याला आधी घाम येतो, मग तो चिकटतो, आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या खपल्या निघायला लागतात. पाहुणा उठला की त्याच्या पाठीवर सोफ्याचा निम्मा अंश घरी जातो. मेहुण्यानं सोफ्याकडे पाहिलं आणि चामड्याचं नक्की केलं.

एवढं ठरल्यावर घरातून हरकत आली. आईचं म्हणणं, चामड्याची वस्तू स्वयंपाकघरात यायची नाही. मेहुण्यानं इंटरनेटवर वाचलेलं होतं, तो म्हणाला, ‘मावशी, व्हेज टॅन घेणार आहे. व्हेज!’

‘व्हेज म्हणजे? ती म्हैस कांदा-लसूण खात नव्हती होय?’

मेहुण्यानं समजावायचा प्रयत्न केला. कातडं कमवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक जुनी, झाडांची साल आणि फळं पाण्यात घालून त्यात कातडं मुरवायची. तिला कित्येक आठवडे लागतात. दुसरी क्रोमच्या क्षारांची, ती एक-दोन दिवसांत उरकते, चामडं मऊसूत होतं, पर्सना आणि जॅकेटना उत्तम. पण त्या क्षारांचा अंश राहिला आणि त्याला ओल मिळाली की पोलादाला गंज चढतो, म्हणून सुरीच्या म्यानाला जुन्या तऱ्हेचंच चामडं चांगलं. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. ‘बाहेरच्या खुंटीला लाव,’ म्हणाली.

आम्ही गेलो त्या कारागिराचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधल्या बोळाला दार लावलेलं होतं. आत एक माणूस बसेल आणि एक माणूस वाकेल एवढी जागा. लाकडाचा ओंडका, त्याच्यावर वर्षानुवर्षांच्या कापण्यानं पडलेली खोलगट वाटी, पाण्याच्या भांड्यात भिजत पडलेल्या वाद्या, भिंतीवर ओळीनं आऱ्या, आणि वर संत रोहिदासांची तसबीर, ताज्या हारासकट. कारागिरांनी सुरी घेतली, अंगठ्याच्या पेरावर धार बघितली, मूठ तळहातावर तोलली आणि ती कुठली, केवढ्याची हे काही न विचारता एक कागद काढून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली.

‘पाठीचं घेतो,’ ते म्हणाले. ‘पोटाचं ताणतं. दोन पावसाळ्यांत सुरी सैल पडेल.’

चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं होतं, मधाच्या रंगाचं. वास पहिल्या पावसातल्या बैलाच्या गोठ्याचा. रापी ओंडक्यावर टेकवून त्यांनी मनगट नुसतं फिरवलं आणि जाड चामडं पापडाच्या लाटीइतक्या सहज कापलं गेलं. पात्याच्या बाजूनं आत एक अरुंद पट्टी घातली. ती नसली तर धार शिवण कापत जाते. मग चामडं पाण्यात बुडवलं. ओलं चामडं सुरीवर दाबून बसवायचं, वाळलं की तोच आकार धरतं. म्हणजे कायडेक्सला आगीनं जे कळतं ते याला पाण्यानं. पण ओल्या चामड्यात पोलाद ठेवलं तर दुसऱ्या दिवशीच डाग. त्यावर त्यांनी काय केलं? खालच्या डब्यातून दुधाची रिकामी पिशवी काढली, धुतलेली, घडी घातलेली, आणि सुरीला अंगरख्यासारखी चढवली. मेहुण्याचं अस्सल, हातानं बनवलेलं, निसर्गाच्या कुशीतलं म्यान फुल क्रीम दुधाच्या पिशवीवर घडलं. त्यानं या टप्प्याचा फोटो काढला नाही.

हात चालू असताना ते बोलत होते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, आणि त्या चारांत सोलापूर आहे. हे मला माहीत होतं, पण सोलापूरकरांपैकी बहुतेकांना नसतं. पाणीपतची चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली की आम्ही पेटून उठतो. आपली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते याचं मात्र आपल्याला काहीच वाटत नाही. मग २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तसल्या चपला मॉडेलांच्या पायांत घातल्या, नाव मात्र कुणाचंच घेतलं नाही. इकडे गदारोळ झाला, तेव्हा कुठं त्यांनी या चपलांचं मूळ भारतात असल्याचं मान्य केलं.

‘कार्ट्यानं मोबाइलवर दाखवलं,’ ते म्हणाले. ‘शिवण बरी होती. पण करकर वाजत नव्हती. वाजली नाही तर माणूस आला हे सुनेला कळणार कसं?’

चपलेची मागणी आहे, पण माल महाग झालाय, हे ते सहज बोलून गेले. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून भिस्त म्हशीवर. गिऱ्हाइकाला तर रेक्झिनचा तळवा आणि वर गोंडा एवढ्यावर कोल्हापुरी मिळते, निम्म्याहून कमी पैशात. ती पावसातही चालते, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. प्रतिस्पर्ध्याचा गुण लपवायचा नाही, अशी त्यांची तऱ्हा. चामड्याला पाऊस सोसत नाही. उन्हाळ्यात तेल दिलं नाही तर ते तडकतं, पावसाळ्यात वापरलं नाही तर बुरशी धरतं. ‘सुरी कायमची यात ठेवू नका,’ त्यांनी मेहुण्याला बजावलं. ‘फिरून आलात की काढायची, पुसायची, बाहेर ठेवायची.’

‘मग म्यान कशाला?’ मी विचारलं.

‘न्यायला-आणायला. ठेवायला नाही.’

त्यांची रापी ओंडक्याशेजारी उघडीच पडली होती. मूठ म्हणजे पोलादावर गुंडाळलेली जुनी चिंधी, पातं घासून घासून निम्म्यावर आलेलं. आयुष्य चामड्यात गेलेल्या माणसाच्या रापीला चामड्याचं म्यान नव्हतं. मेहुण्यानं तेही विचारलंच.

‘तिला रिकामा वेळ कुठाय?’ ते म्हणाले, आणि आरी मेणावर ओढली.

म्यान झकास झालं. खोबरेल चोळल्यावर रंग गहिरा झाला. टक् असा आवाज मात्र येत नव्हता. हलकेच हुंकार दिल्यासारखा काहीतरी यायचा. मेहुण्यानं पहिले दोन दिवस तो कान लावून ऐकला.

इथवर प्रकरण मिटायला हवं होतं. पण मेहुण्याचं लग्न मार्गशीर्षातलं, आणि आपल्याकडे नवरदेवाला कट्यार लागते. हळद लागली की कट्यार हातात, ती बोहल्यावरून उतरेपर्यंत सोडायची नाही. आम्ही लग्नाच्या सामानाच्या दुकानात गेलो. मुंडावळ्या, बाशिंगं, रुखवताची खेळणी आणि त्यांच्यात कट्यारींचा एक खोका. मेहुण्यानं सवयीनं विचारलं, ‘लेदरमध्ये आहे का?’

दुकानदार दचकला. ‘देवापुढं ठेवायची असती, साहेब! चामड्याची कोण घेणार? मखमल घ्या.’

मखमल लाल होती, कडेनं जर, आतून पुठ्ठा आणि चिकटपट्टी. कट्यारीचं पातं पत्र्याचं. त्यानं लिंबूसुद्धा कापलं नसतं, फक्त टोचलं गेलं असतं. आणि तेवढंच तिच्याकडून अपेक्षित असतं, कारण नवरदेव मखमलीचं म्यान कमरेला खोचतो आणि उघड्या कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचतो. दृष्ट लागू नये म्हणून, असं सांगतात. मला त्यात मंडपातल्या सुरक्षेचा विचार जास्त दिसतो. उपाशी, घामाघूम, दोन रात्री न झोपलेला तरुण, त्याच्या हातात टोकदार वस्तू आणि भोवती सगळे सासरचे. म्यानांच्या साऱ्या शोधांत मी लिंबाला फार वर ठेवतो. कुठल्याही मापाच्या पात्याला बसतं, गंजाची जबाबदारी घेत नाही, आणि सुकलं तर दुसरं.

राहिला चामड्याचा विटाळ. त्याच मंडपात हळदीच्या रात्री गोंधळ झाला. संबळ घुमत होता, त्याच्या दोन्ही तोंडांवर कातडं. दुसऱ्या दिवशी वरातीला हलगी आली, तीही कातड्याचीच. गोंधळ्याला कुणी ‘संबळ बाहेर ठेवून या’ म्हणालं नाही. पंढरपुरात विठ्ठलापुढं वाजणाऱ्या पखवाजाची दोन्ही पानं कातड्याची, आणि त्या तालावर टाळ कुटणाऱ्या माझ्या मित्राचा कमरेचा पट्टा मात्र बाहेर चपलांच्या ढिगात, विजार एका हातात. देवाला कातडं वाजलेलं चालतं, नेसलेलं चालत नाही, असा नियम कुणीतरी केला असावा. ज्यांनी कातडं कमावलं आणि मढवलं त्यांना काही विचारलं असेल, असं वाटत नाही.

वरातीतल्या हलगीवाल्यांकडे दोन हलग्या होत्या. एक कातड्याची, दुसरी प्लॅस्टिकच्या पानाची. गारठ्यानं कातड्याची हलगी उतरली की एकजण रस्त्याच्या कडेला कागद-काटक्या पेटवून ती शेकत बसायचा. तोवर प्लॅस्टिकची चालू. तिचा आवाज फटाफट, नाचणाऱ्यांना पुरेसा. मग शेकलेली हलगी परत आली, पहिली थाप पडली आणि नवरदेवाची आत्या, जी तोवर गुडघ्याचं कारण सांगून जीपमध्ये बसली होती, ती खाली उतरली. दोन्ही हलग्या का बाळगता, असं मी त्या पोरांना विचारलं. ‘एक वाजवायला, एक पैसं फिटस्तोर,’ असं उत्तर मिळालं.

लग्नाआधी पत्रिका वाटायला आम्ही दोघं मोहोळच्या पुढं एका नातेवाइकाच्या मळ्यावर गेलो होतो, ते सांगायचं राहिलं. हंगाम सुरू झालेला. सोलापूर जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने; गाळप सुरू झालं की रस्त्यावर ट्रॉल्या आणि फडात बीडकडची माणसं. फडाशेजारी त्यांच्या कोप्या. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं मोजायची झाली तरी कोयत्यातच मोजतात. मेहुण्याच्या पट्ट्याला नवं म्यान होतं, कपाळावर गॉगल. बांधावर जेवायला बसलेल्या एका बाईंचं लक्ष त्या म्यानाकडे गेलं, आणि मेहुण्याला एवढंच पुरतं. त्यानं सुरी काढून दाखवली, पाठीचं चामडं आणि पोटाचं चामडं यातला फरक सांगितला, हिरडा सांगितला, बाभूळ सांगितली.

बाईंनी सगळं ऐकलं. त्यांचा कोयता शेजारीच होता. पात्याला सिमेंटच्या पोत्याचा पट्टा दोन वेढे गुंडाळलेला, वरून टायरच्या ट्यूबची कापलेली कडी सरकवलेली. सगळं विनामूल्य, सगळं कृत्रिम. ट्रॅक्टरवर लेकरं आणि वळकट्या यांच्यात कोयता ठेवायचा तर एवढं पाहिजेच, असं त्या म्हणाल्या. फडात शिरलं की कडी मनगटात, पट्टा कमरेला, आणि संध्याकाळपर्यंत कोयता उघडा.

‘ह्यानं काय तोडता?’ त्यांनी सुरीकडे हात केला.

‘कॅम्पिंगला लागते.’

‘म्हंजी?’

‘म्हणजे रानात जायचं. तंबू ठोकायचा. लाकडं गोळा करायची, चुलीवर करून खायचं, आणि तिथंच झोपायचं.’

बाईंनी कोप्यांकडे मान वळवून पाहिलं. ‘आमी ऱ्हातोय तसंच की.’

‘हो, म्हणजे साधारण तसंच.’

‘किती महिनं?’

‘दोन दिवस.’

‘मुकादम कोण असतोय?’

‘मुकादम नसतो. आपल्या मनानं जायचं.’

‘मग उचल कोण देतंय?’

‘उचल नाही मिळत,’ मेहुणा म्हणाला. ‘उलट आपल्यालाच पैसे भरावे लागतात. माणशी दीड-दोन हजार.’

बाईंनी तोंडाला पदर लावला आणि पाचटात पाठमोरा बसून कानशीनं कोयता पाजवणाऱ्या नवऱ्याला हाक मारून सगळं पहिल्यापासून सांगितलं. कानस थांबली. त्यांनी मेहुण्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, सुरीला बघितलं, म्यानालाही बघितलं.

‘इचार त्यास्नी,’ ते बायकोला म्हणाले, ‘आपली कोपी शनवार-ऐतवार भाड्यानं घेत्यात का.’